अटक ते खटला : नागपुरात कच्च्या कैद्याचे कागद, तारखा आणि जेलमधले दिवस

एखाद्याला अटक झाली की घरच्यांचा एकच प्रश्न असतो: जामीन कधी? प्रश्न रास्त आहे. पण सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात, म्हणजे नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, प्रकरणं फक्त मोठ्या युक्तिवादांवर अडत नाहीत. वकालतनाम्यावर सही राहिलेली असते, साठावा दिवस कुणी मोजलेला नसतो, डॉक्टरची चिठ्ठी कोर्टापुढे पोहोचलेलीच नसते, सुटकेच्या आदेशात वडिलांचं नाव चुकलेलं असतं. अशा एकेका कागदापायी माणूस आठवडा, महिना, कधी वर्षभर जास्त आत राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. म्हणून खटला सुरू होण्याआधीचा हा टप्पा नीट समजून घ्यायला हवा.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. खाली दिलेली कलमं, वेगळं सांगितलं नसेल तिथे, या नव्या संहितेची आहेत. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून १६७, ४३७, ४३९ हेच आकडे असतात. त्यांच्या जागी आता अनुक्रमे १८७, ४८० आणि ४८३ आले आहेत.

पहिले २४ तास

अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागतं. हा नियम कलम ५८ मध्ये आहे आणि राज्यघटनेच्या कलम २२ मध्येही आहे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत, पण शहरातल्या ठाण्यातून सिव्हिल लाइन्सला यायला किती वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. रविवार असो की दिवाळी, सुट्टीच्या दिवशीही ड्युटीवरचे न्यायाधीश रिमांड, म्हणजे कोठडी द्यायची की नाही ते, बघतात.

वाद बहुतेक वेळा अटकेच्या वेळेवरून होतो. माणसाला सकाळी 'चौकशीसाठी' बोलावलं जातं आणि कागदावर अटक रात्री दाखवली जाते. असं झालं असेल तर तो ठाण्यात कधी गेला, कुणासोबत गेला, शेवटचा फोन किती वाजता झाला हे त्याच दिवशी लिहून ठेवा. ठाण्यांत सीसीटीव्ही असावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०२० पासून आहे. ते चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच पेशीला (कोर्टापुढच्या तारखेला) द्यायचा. महिनाभराने अर्ज दिला तर चित्रण उपलब्ध नाही असं उत्तर येण्याची भीती असते आणि मग सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

अटकेची कारणं लेखी मिळणं हा आता पक्का हक्क आहे. ६ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने (मूळचे अमरावतीचे गवई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातच वकिली करून पुढे गेले) स्पष्ट केलं की गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी द्यायची, त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. हे पाळलं नाही तर अटक आणि त्यावरची रिमांड दोन्ही बेकायदा ठरू शकतात. इथे एक बारकावा आहे. 'आणखी गुन्हा करू नये म्हणून', 'पुरावा नष्ट करू नये म्हणून' ही छापील वाक्यं कुणालाही लागू पडतात. त्या माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे, हे त्या कागदावर असलं पाहिजे. तो कागद जपून ठेवा आणि मिळाला नसेल तर तसं दंडाधिकाऱ्यांना तोंडी सांगून रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) नोंदवायला लावा.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नसते. कलम ३५ खाली आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अशी नोटीस आली तर घाबरून गावाला निघून जाऊ नका. नोटिशीप्रमाणे हजर राहिलं तर पोलिसांना अटकेची वेगळी कारणं नोंदवावी लागतात, आणि न राहिल्यास तेच कारण होतं.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, नागपुरात बहुधा मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत. कलम ५३ प्रमाणे तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. अंगावर मार असेल तर तो डॉक्टरला दाखवायचा, आणि तिथे दाखवता आला नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे बोलायचं. जखम पहिल्या पेशीत नोंदली गेली की तिचं वय कळतं. दहा दिवसांनी तीच जखम कशाची, हा नवा वाद उभा राहतो.

पीसीआर, एमसीआर

कोर्टाच्या आवारात कानावर पडतात ते शब्द हेच. पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी: माणूस ठाण्यात राहतो, तपास अधिकारी त्याची चौकशी करतात. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी: माणूस वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात जातो.

पोलिस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. पूर्वी हे १५ दिवस सुरुवातीलाच संपायचे. आता कलम १८७ प्रमाणे ते तुकड्यातुकड्यांत, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत कधीही मागता येतात. याचा फटका प्रत्यक्षात बसतो. चार दिवसांचा पीसीआर संपून एमसीआर झाला म्हणून घरच्यांनी निःश्वास टाकावा आणि वीस दिवसांनी पोलिसांनी उरलेल्या अकरा दिवसांसाठी पुन्हा अर्ज करावा, असं होऊ शकतं. उरलेली कोठडी बाकी आहे एवढ्याच कारणावरून जामीन नाकारता येणार नाही, हे जामिनाच्या कलम ४८० मध्येच लिहिलेलं आहे. तरी युक्तिवादात तो मुद्दा डोकावतोच, म्हणून वकिलाने कलमाचा तो भाग हाताशी ठेवावा.

रिमांडचा अर्ज हा या टप्प्यातला दुर्लक्षित कागद आहे. त्याची प्रत मागा. त्यात कारणं असतात: हत्यार जप्त करायचं आहे, साथीदार शोधायचे आहेत, रक्कम कुठे गेली ते बघायचं आहे. पहिल्या वेळी ही कारणं बहुधा मान्य होतात. दुसऱ्यांदा तीच कारणं तशीच उतरवून आली तर विरोध करायची जागा तिथे असते: गेल्या चार दिवसांत या कारणांसाठी काय केलं? पंचनामा झाला का? आरोपीला कुठे नेलं? विरोध लेखी द्या, चार ओळींचा का असेना. पुढे उच्च न्यायालयात गेल्यावर पहिल्या दिवशीच हरकत घेतली होती की नाही, हे बघितलं जातं.

पोलिस कोठडीसाठी माणसाला प्रत्येक वेळी प्रत्यक्ष हजर करावं लागतं. न्यायालयीन कोठडी मात्र व्हिडिओ कॉन्फरन्सवर वाढवता येते, एका वेळी १५ दिवसांपर्यंत. व्हीसीची पेशी दीड-दोन मिनिटांत उरकते. औषध मिळत नाही, वकील नाही, हे सांगायचं असेल तर ते नाव पुकारल्याबरोबर बोलायला आतल्या माणसाला आधीच समजावून ठेवा. तारीख पडली की पडदा दुसऱ्याकडे वळतो.

आता वकालतनामा. रिमांडच्या दिवशी आरोपी समोर असतो, तेव्हाच दोन-तीन कोऱ्या वकालतनाम्यांवर सह्या घेऊन ठेवाव्यात: एक दंडाधिकाऱ्यांसाठी, एक सत्र न्यायालयासाठी, एक उच्च न्यायालयासाठी. हे राहिलं की तोच कागद जेलच्या दारात द्यावा लागतो, आत जाऊन सही होते, तुरुंगाधिकारी ती साक्षांकित करतात, मग कागद बाहेर येतो. मध्ये सुट्टी आली तर आठवडा गेलाच म्हणून समजा.

वकील करायची ऐपत नसेल तर पहिल्या रिमांडपासूनच मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायमंदिराच्या आवारातच आहे, आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो.

साठ की नव्वद

तपास मुदतीत पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामिनावर सुटायचा हक्क मिळतो. गुन्हा किती गंभीर आहे, पुरावा किती आहे, यातलं काहीच इथे बघितलं जात नाही. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ९० दिवस, बाकीच्यांना ६०. मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी राज्य कायदा), यूएपीए (बेकायदा कारवायांविरोधी कायदा) आणि व्यापारी प्रमाणातल्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते.

मोजणीत लोक चुकतात. अटकेच्या दिवसापासून नाही, दंडाधिकाऱ्यांनी पहिली रिमांड दिली त्या दिवसापासून मोजायचं, आणि तो दिवस धरून. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये कपिल वाधवान प्रकरणात हे निश्चित केलं. पहिली रिमांड १० मार्चला झाली असेल तर मार्चचे २२, एप्रिलचे ३० आणि मेचे ८ मिळून ८ मे हा साठावा दिवस. ९ मे उजाडला आणि दोषारोपपत्र नाही, तर हक्क निर्माण झाला. नव्वदाचा हिशोब असेल तर ७ जून नव्वदावा दिवस आणि ८ जूनला हक्क.

पण हक्क आपोआप हातात पडत नाही. अर्ज करावा लागतो, आणि जामीन द्यायची तयारी दाखवावी लागते. ९ मेला सकाळी अर्ज दाखल झाला आणि पोलिसांनी दुपारी दोषारोपपत्र आणलं तरी हक्क टिकतो. अर्ज दुपारी आणि दोषारोपपत्र सकाळी, तर हक्क गेला. म्हणून अर्जावर दाखल झाल्याची वेळ टाकून घ्या. मे महिना असेल तर कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागलेली असू शकते, तेव्हा सुट्टीतलं न्यायालय कोणतं ते आधीच विचारून ठेवा. वकील नेमका त्या दिवशी मिळाला नाही तर आरोपीने व्हीसीवर तोंडी मागणी केली तरी चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राकेश कुमार पॉल प्रकरणात म्हटलं आहे.

'दहा वर्षं व त्याहून अधिक' हे शब्द नव्या संहितेत बदललेले आहेत. पूर्वी 'दहा वर्षांपेक्षा कमी नाही' असं होतं आणि त्याचा अर्थ किमान शिक्षा दहा वर्षं असा लावला जाई. 'दहा वर्षांपर्यंत' शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आता साठ की नव्वद यावर वाद घातला जातो. अशा कलमांत साठाव्या दिवसानंतर लगेच अर्ज करणं शहाणपणाचं. नाकारला गेला तरी मुद्दा नोंदीवर येतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला नाही म्हणून दोषारोपपत्र अपूर्ण, हा युक्तिवाद मात्र सहसा टिकत नाही. त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

गुणवत्तेवरचा जामीन

नेहमीचा जामीन अर्ज आधी दंडाधिकाऱ्यांकडे, मग सत्र न्यायालयात, मग खंडपीठात. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांचे हात बांधलेले असतात. स्त्री, बालक, आजारी किंवा दुर्बळ व्यक्ती असेल तर कलम ४८० मध्ये वाट आहे. नागपूर खंडपीठात नियमित जामिनाचा अर्ज 'क्रिमिनल अ‍ॅप्लिकेशन (बीए)', अटकपूर्व जामिनाचा '(एबीए)' आणि गुन्हा रद्द करण्याचा '(एपीएल)' अशा खुणेने नोंदला जातो. संकेतस्थळावर शोधताना ही खूण चुकली तर प्रकरण सापडत नाही.

अर्जात गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं, अटकेची तारीख आणि आधी कुठे-कुठे अर्ज केले व त्यांचं काय झालं, हे सगळं लिहायचं. शेवटची गोष्ट लपवली तर चांगला अर्जही बुडतो. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तपशील देणं सक्तीचं केलं. जुने गुन्हे असतील तर तेही स्वतः सांगावेत, कारण सरकारी वकिलांच्या म्हणण्यात, ज्याला सगळे 'से' म्हणतात, ते येणारच असतात.

हा 'से' यायलाच वेळ लागतो. अर्ज दाखल होतो, तपास अधिकाऱ्याला कळवलं जातं, पहिल्या तारखेला तो बंदोबस्तात असतो, दुसऱ्या तारखेला म्हणणं येतं. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत शहरातलं पोलिस बळ तिकडे गुंतलेलं असतं, हे गृहीत धरून चाला. जामीन अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढावेत अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सतेंदर अंतिल प्रकरणात घातली आहे. दोन तारखा वाया गेल्या की ती नम्रपणे दाखवून द्यावी. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या गुन्ह्यात पीडिताला नोटीस न देता सुनावणीच होत नाही, तेव्हा ती नोटीस बजावली गेली का, याचा पाठपुरावा आपणच करायचा.

एक वेगळा रस्ता ओळखून ठेवा. एमपीडीए (धोकादायक व्यक्तींना आधीच स्थानबद्ध करण्याचा राज्याचा कायदा) खाली पोलिस आयुक्तांनी स्थानबद्ध केलं असेल तर तो प्रतिबंधात्मक आदेश असतो, एका वर्षापर्यंतचा. त्यात जामीन हा प्रकारच नाही. सरकारकडे निवेदन, सल्लागार मंडळ आणि खंडपीठात रिट, एवढीच वाट असते.

जेलमधले दिवस

नागपूर मध्यवर्ती कारागृह १८६४ चं आहे. मेट्रोने रहाटे कॉलनी स्टेशनला उतरलं की जवळ. फाशी यार्ड आणि अंडा बराक यांमुळे त्याचं नाव बातम्यांत येतं, पण आतल्या बहुसंख्य माणसांचा त्या दोन्हींशी संबंध नसतो. ते साध्या बराकीत, दाटीवाटीने, पुढच्या पेशीची वाट बघत असतात.

आत जाताना झडती होते, अंगावरच्या वस्तू जमा होतात, वैद्यकीय तपासणी होते आणि अंगावरच्या जखमा नोंदल्या जातात. नातेवाईकांची नावं याच वेळी विचारली जातात आणि मुलाकातीला त्या यादीवरचीच माणसं सोडली जातात. बायकोचं नाव आधारवर माहेरचं आणि यादीत सासरचं असेल तर दारावरून परत यावं लागतं. नाव आधारवर आहे तसंच सांगायला आधीच बजावून ठेवा. लांबच्यांना, गडचिरोली किंवा गोंदियाहून येणाऱ्यांना, ई-मुलाकात बरी पडते: तुरुंग विभागाच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, जेलने मंजुरी दिली की वेळ मिळते. पैसे हातात देता येत नाहीत. ते कैद्याच्या खात्यात जमा होतात आणि त्यातून तो कँटीनचं सामान घेतो.

कच्च्या कैद्याचे हक्क शिक्षा झालेल्यापेक्षा वेगळे आहेत, आणि १८९४ च्या कारागृह कायद्यापासून ते कागदावर आहेत. त्याला शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवायचं असतं. तो स्वतःचे कपडे घालू शकतो. नियमांच्या चौकटीत बाहेरून अन्न आणि अंथरूण-पांघरूण मिळवू शकतो. त्याच्यावर सक्तमजुरी लादता येत नाही. वकिलाशी त्याची भेट तिसऱ्या माणसाच्या कानावर पडणार नाही अशी व्हायला हवी. जातीवरून काम वाटून देणं किंवा वेगळं ठेवणं हे ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने घटनाबाह्य ठरलं, आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला गेला. संडास-सफाई अमुक समाजाच्याच माणसाला लावली जात असेल, तर ती तक्रार कोर्टात टिकणारी आहे.

हे सगळं मिळवायचं कसं, तर अर्जाने. ज्या न्यायालयाने कोठडी दिली त्याच न्यायालयाकडे. कोर्ट जेल अधीक्षकांकडून अहवाल मागवतं आणि मग आदेश करतं. म्हणून अर्ज मोघम नसावा. 'तब्येत बरी नाही, योग्य उपचार द्यावेत' या अर्जावर 'नियमाप्रमाणे उपचार द्यावेत' असा आदेश होतो आणि काहीच बदलत नाही. त्याऐवजी असं लिहा: मधुमेह २०१६ पासून, इन्सुलिन सकाळी इतकी आणि रात्री इतकी युनिट, शेवटची तपासणी अमुक तारखेची, डॉक्टरची चिठ्ठी सोबत, मागणी अशी की कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अमुक तारखेपर्यंत अहवाल द्यावा, इन्सुलिन थंड ठेवायची सोय करावी आणि मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात अमुक आठवड्यात न्यावं. नेमकं मागितलं की नेमका आदेश होतो, आणि तो पाळला नाही तर दाखवता येतो.

मेडिकलला न्यायचं तर पोलिस गार्ड लागतो. गार्ड मिळाला नाही की तारीख हुकते आणि पुढची तारीख महिन्यावर जाते. अशी भेट हुकली की लगेच कोर्टाच्या नजरेस आणावी, कारण वारंवार हुकलेल्या उपचाराची नोंद हाच पुढे वैद्यकीय कारणावरच्या जामिनाचा आधार असतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या, मनोविकाराच्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास जास्त होतो, तेव्हा पिण्याचं पाणी, बराकीतला पंखा आणि गोळ्यांच्या वेळा यांविषयीचा अर्ज एप्रिलमध्येच द्यावा.

सुरक्षेच्या नावाखाली एकट्याला कोंडून ठेवणं, बोलायला कुणी नसणं, हे शिक्षेसारखं होत असेल तर १९७८ च्या सुनील बत्रा निकालापासून त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं. जिवाला धोका म्हणून वेगळं ठेवायला स्वतः कैद्यानेच विनंती केली असेल तर गोष्ट वेगळी. अर्जात हे स्पष्ट लिहा.

आतून थेट कोर्टाला पत्रही लिहिता येतं. जेलमध्ये विधी सेवा प्राधिकरणाचे वकील येतात, त्यांना पुढची तारीख, गुन्हा क्रमांक आणि सीएनआर क्रमांक (कोर्टातल्या प्रकरणाचा ओळख क्रमांक) सांगता आला पाहिजे. हा सोळा खुणांचा सीएनआर क्रमांक कपड्यांसोबतच्या चिठ्ठीवर लिहून आत पाठवा. आपल्या प्रकरणाची पुढची तारीख माहीत नसलेले कितीतरी कैदी असतात, आणि हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण इलाज इतका छोटा आहे.

दोषारोपपत्र आल्यावर

हजर झाल्यापासून १४ दिवसांत कलम २३० खाली सगळ्या कागदांच्या प्रती मोफत मिळायला हव्यात. पानं मोजून घ्या. जबाब अपुरे, पंचनाम्याची मागची बाजू कोरी, सीसीटीव्हीची पेनड्राइव्ह नाही, कॉल रेकॉर्डचं प्रमाणपत्र नाही, हे नेहमी होतं. काय मिळालं नाही त्याची यादी पुरसिसने, म्हणजे कोर्टाला दिलेल्या लेखी निवेदनाने, द्या.

दोषारोपपत्र आलं म्हणजे परिस्थिती बदलली, त्यामुळे फेटाळलेला जामीन अर्ज नव्याने करता येतो. खंडपीठात अर्ज 'मागे घेतला' असा आदेश झाला असेल तर तो फेटाळल्यासारखा मानून निराश होऊ नका. पुन्हा येण्याची मुभा दिली आहे का, ते आदेशात वाचा. दोषमुक्तीचा अर्ज करायचा असेल तर आता मुदत आहे: सत्र खटल्यात प्रकरण वर्ग झाल्यापासून ६० दिवस, दंडाधिकाऱ्यांपुढच्या वॉरंट खटल्यात प्रती मिळाल्यापासून ६० दिवस. जप्त झालेली दुचाकी, मोबाइल सुपूर्दनाम्यावर (ताबा परत घेण्याच्या बंधपत्रावर) परत मागण्याचा अर्जही याच काळात करून टाका. ठाण्याच्या आवारात गाडी दोन पावसाळे उभी राहिली की तिचं भंगार होतं.

खटला लांबला तर कलम ४७९ आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामिनावर, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळानंतरच बंधपत्रावर सुटका. राहत्या घरातल्या चोरीसारख्या सात वर्षांच्या गुन्ह्यात पहिल्यांदा आलेल्याला २ वर्षं ४ महिने, इतरांना साडेतीन वर्षं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या कैद्यांनाही लागू केलं. मुदत भरली की अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकांवर आहे, पण तारीख आपणही मोजत राहा. फाशी आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. आणि एक मोठी अडचण कलमातच आहे: एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर हा लाभ नाकारला जातो. गरीब वस्तीतल्या पोरांवर किरकोळ दोन-तीन प्रकरणं असतातच, म्हणजे ज्यांच्यासाठी ही तरतूद हवी तेच तिच्याबाहेर राहतात. जुनं किरकोळ प्रकरण आधी निकाली काढून घेणं हा त्यावरचा खरा उपाय.

आदेश झाला, माणूस अजून आतच

'१५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार' असा आदेश होतो आणि घरी पेढे वाटले जातात. मग जामीनदार शोधायला सुरुवात होते. ही सुरुवात अर्ज दाखल केला त्या दिवशीच व्हायला हवी. जामीनदाराकडे आधार, फोटो, रेशनकार्ड, आणि ऐपत दाखवणारं काहीतरी लागतं: महापालिकेची कर पावती, सातबारा, गाडीचं आरसी किंवा पगारपत्रक. तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागितला असेल तर तो यायला वेळ जातो. तोपर्यंत चार आठवड्यांसाठी तात्पुरती रोख रक्कम भरून सुटका मिळावी अशी मागणी जामीन अर्जातच करून ठेवा. नंतर वेगळा अर्ज म्हणजे वेगळी तारीख.

जामीनदार परजिल्ह्यातला आहे म्हणून नाकारू नये, हे १९७८ च्या मोतीराम निकालापासून चालत आलं आहे. रक्कम झेपत नसेल तर ती कमी करण्याचा अर्ज कलम ४८४ खाली होतो. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिन्याभरात मुचलका झाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजनाही आहे. तिची सुरुवातीची मर्यादा ४० हजार रुपये होती, आणि अर्ज जिल्ह्यातल्या समितीकडे प्राधिकरणामार्फतच जातो.

खंडपीठातून जामीन झाला असेल तर क्रम असा: आदेशाची ऑथेंटिकेटेड कॉपी, तिच्यावर खालच्या न्यायालयात मुचलका, तिथून सुटकेचं वॉरंट, मग वर्धा रोड. वॉरंट संध्याकाळच्या बंदीआधी पोहोचलं नाही तर सुटका दुसऱ्या दिवशी. जेलमध्ये नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं हे सगळं मूळ कोठडीच्या वॉरंटशी ताडून बघतात. एक कलम सुटलं की कागद परत. गाझियाबादच्या जेलमध्ये आदेशात एका पोटकलमाचा उल्लेख राहिला एवढ्यावरून एका माणसाची सुटका आठवड्यांवर लांबली आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ५ लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली. भरपाई मिळाली हे खरं, पण ते दिवस परत येत नाहीत. म्हणून वॉरंट निघण्याआधी बाबूंच्या टेबलासमोर उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. दोषारोपपत्रात वाढलेली कलमं आदेशात आहेत का, तेवढं खास बघा.

दुसऱ्या ठाण्याचं प्रॉडक्शन वॉरंट (दुसऱ्या प्रकरणात कोर्टापुढे हजर करण्याचा आदेश) जेलमध्ये पडून असेल तर जामीन होऊनही दार उघडत नाही. जामीन अर्ज करतानाच जेलमधून विचारून घ्या: आणखी कोणत्या प्रकरणात कोठडी दाखवली आहे? असेल तर दोन्हीकडचे अर्ज एकाच आठवड्यात लावा.

बाहेर आल्यावर अटी पाळल्याचा पुरावा स्वतः सांभाळायचा. दर रविवारी ठाण्यात हजेरी असेल तर हजेरीच्या नोंदीचा मोबाइलवर फोटो किंवा स्वतःच्या वहीवर ठाण्याची सही-शिक्का घ्या. जामीन रद्द करण्याच्या अर्जात 'हजेरी दिली नाही' हे पहिलं वाक्य असतं आणि ठाण्याच्या नोंदवहीची प्रत त्या वेळी वेळेवर मिळत नाही. पत्ता बदलला तर आठ दिवसांच्या आत कोर्टाला पुरसिस द्या आणि जामीनदारालाही सांगा. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, पेशी चुकली आणि अजामीनपात्र वॉरंट निघालं तर मुचलक्याची रक्कम जामीनदाराकडून वसूल होते. कोठडीचे दिवस, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख, जेलच्या दाखल्यासह फाइलला लावून ठेवा. पुढे शिक्षा झालीच तर कलम ४६८ प्रमाणे हे दिवस तिच्यातून वजा होतात.